तीन खुर्च्या, आठ माणसं आणि तळ्याकाठचं लाकडी घर

निघण्याआधीचे तीन महिने

"व्हीलचेअर येते ना तुमच्याकडे?" असं विचारल्यावर आजवर एकाही घरमालकाने मला "नाही" म्हटलेलं नाही. "येते की, न यायला काय झालं," हेच उत्तर. मग तिथे पोचल्यावर दारात तीन पायऱ्या दिसतात आणि चार भली माणसं बाह्या सरसावून पुढे येतात, "आम्ही उचलतो ना!"

माझी ताई अकरा वर्षं व्हीलचेअर वापरते आहे आणि तिला उचलून नेलेलं अजिबात आवडत नाही. उचलणाऱ्याचा पाय घसरला तर पडणार ती. शिवाय एकदा उचलून आत नेलं की बाहेर यायलाही चार माणसं गोळा करावी लागतात. म्हणजे चार दिवस ती त्या घरात अडकूनच पडते. म्हणून या वेळी ताईने ठरवलं की "सोय आहे का" हे विचारायचंच नाही. किती सेंटिमीटर, ते विचारायचं.

आम्ही आठ जण होतो. ताई आणि भावोजी. मामा आणि मामी. ताईची मैत्रीण आणि तिच्यासोबत राहणाऱ्या मदतनीस बाई. मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा. आठ माणसांत तीन व्हीलचेअर, आणि तिघांच्या गरजा तीन तऱ्हेच्या. हे नीट सांगायला हवं, कारण व्हीलचेअरवाले सगळे सारखेच असं समजून केलेलं नियोजन हमखास फसतं.

ताईच्या मणक्याला कमरेच्या थोडं वर दुखापत आहे. हातांत पूर्ण ताकद. साधी, हाताने चालवायची खुर्ची, रुंदी 62 सेंटिमीटर. खुर्चीतून पलंगावर, कमोडवर, गाडीत ती स्वतःची स्वतः सरकते. मैत्रिणीची दुखापत मानेला आहे. खांदे, दंड चालतात, बोटं चालत नाहीत. ती फळीवरून सरकते, पण बाजूला कोणीतरी लागतं. मामांना स्नायूंचा आजार, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. त्यांची बॅटरीवरची खुर्ची एकटीच 130 किलोची. मामांना पलंगावर घ्यायला झोळीचा हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलून घेणारं यंत्र लागतं आणि रात्री झोपताना श्वासासाठी बायपॅप मशीन.

आता पलंगाचंच बघा. ताईला पलंग तिच्या खुर्चीच्या बैठकीइतका, साधारण 50 सेंटिमीटर उंच हवा. वर चढून सरकायचं झालं तर खांद्यांवर ताण येतो, आणि ताईचे खांदे हेच तिचे पाय आहेत. मामांना पलंगाची उंची कितीही चालते, पण हॉइस्टचे पाय खाली शिरायला पलंगाखाली 12 सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. खाली कप्पे असलेला बॉक्सपलंग कितीही छान दिसला तरी मामांसाठी बाद. हे फोटोत कधीच कळत नाही, कारण चादर जमिनीपर्यंत लोंबत असते.

सहा घरं बघितली, म्हणजे फोनवर आणि फोटोत. ताईने एकच अट घातली, फोटो टेप लावून काढायचा. दाराच्या चौकटीत आडवी टेप, आकडा दिसला पाहिजे. दोन मालकांनी कंटाळून फोन घेणंच बंद केलं. त्यांचा राग नाही आला, उलट जाण्याआधीच कळलं. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की न्हाणीघराचं दार 58 आहे, काही करता येणार नाही. त्याचे आम्ही मनापासून आभार मानले.

सहावं घर तळ्याकाठचं, लाकडी, उताराच्या जमिनीवर बांधलेलं. समोरच्या दाराला तीन पायऱ्या. मालक म्हणाला, "फळी टाकतो." ताईने तिथल्या तिथे हिशेब सांगितला. एक पायरी 16 सेंटिमीटर, तीन मिळून 48. रॅम्पचा सर्वमान्य उतार एकास बारा, म्हणजे 1 सेंटिमीटर चढायला 12 सेंटिमीटर लांबी. 48 गुणिले 12, म्हणजे पावणेसहा मीटर. त्याच्याकडची फळी दीड मीटरची. तो उतार एकास तीन झाला असता, आणि त्यावरून खुर्ची मागे उलटते.

मालक गप्प झाला. मग म्हणाला, "मागच्या बाजूला जमीन वर आहे. स्वयंपाकघराचं दार आहे तिकडे. तिथे एकच पायरी आहे." टेप लावून फोटो आला. 10 सेंटिमीटर. म्हणजे 120 सेंटिमीटरचा रॅम्प पुरे. इतका घडीचा अॅल्युमिनियमचा रॅम्प आमच्याकडे आहे, 300 किलो पेलणारा. मामा 70 आणि खुर्ची 130, मिळून 200.

न्हाणीघराच्या दारातून मोकळी जागा 70 मिळत होती. सरळ जाता आलं असतं तर चाललं असतं, पण बाहेरचा बोळ 90 सेंटिमीटरचा आणि त्यातून काटकोनात वळायचं. मामांची खुर्ची वळलीच नसती. मालकाला विचारलं, दार बिजागरीवरून काढून ठेवता येईल का? दाराची जाडी गेली की चार सेंटिमीटर वाढतात. तो तयार झाला. दाराऐवजी जाड पडदा लावायचा आणि बाहेर लाल रुमाल अडकवला असेल तर आत कोणीतरी आहे असं समजायचं.

कमोडच्या डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला मोकळी जागा. मैत्रीण उजवीकडूनच सरकते. ताईची वर्षानुवर्षांची सवय डावीकडची. ती महिनाभर घरी रोज उजवीकडून सरकण्याचा सराव करत होती. मला हे फार नंतर कळलं.

पहिला दिवस

पहाटे निघालो. मामांसाठी रॅम्पची व्हॅन भाड्याने घेतली होती. तिच्यात खुर्ची चार पट्ट्यांनी जमिनीला आवळायची, दोन पुढे, दोन मागे. माणसाला वेगळा पट्टा. खुर्चीचा स्वतःचा कमरेचा पट्टा असतो तो अपघातात कामाचा नाही, तो फक्त नीट बसण्यासाठी आहे. चालकाला हे माहीत होतं, बरं वाटलं.

ताई आमच्या गाडीत. खुर्चीची चाकं बटण दाबून काढली, सांगाडा दुमडला, मागे टाकला. भावोजींना असल्या गोष्टींचा नाद आहे. त्यांनी वाटेत माझ्या मुलाला सांगितलं की ही इंग्रजी एक्स अक्षरासारखी दुमडणारी खुर्ची 1933 साली हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघा इंजिनिअर मित्रांनी अमेरिकेत बनवली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात पाठ मोडून खुर्चीला खिळले होते. त्यांना खुर्ची मोटारीत घालून फिरायचं होतं. मुलगा म्हणाला, "म्हणजे ट्रिपला जायला?" भावोजी म्हणाले, "हो, ट्रिपलाच जायला."

दर दोन तासांनी थांबलो. थांबण्याच्या जागाही आधी फोन करून ठरवल्या होत्या. मोठ्या प्रवासात घरापेक्षा वाटेतलं स्वच्छतागृह जास्त घात करतं. तिथे जाता येणार नाही म्हणून लोक सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मूत्रपिंडाला ते फार वाईट. ताई दर चार-पाच तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी वापरते, म्हणजे तिला स्वच्छ हात, बसायला जागा आणि दहा मिनिटांचा एकांत लागतो.

दुपारी तीनला पोचलो. मागचं दार, एक पायरी, रॅम्प लावायची जागा, सगळं फोटोत होतं तसंच. पण गाडी उभी करायची जागा ते मागचं दार हे अंतर कोणी विचारलंच नव्हतं. पंधरा मीटर. त्यावर सुटी खडी, चांगली चार बोटं जाड.

खडीत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. मागून जितकं ढकलावं तितकी ती खोल जातात. ताई पुढची चाकं उचलून, मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत निम्म्यापर्यंत गेली आणि तिथे दमली. मामांच्या खुर्चीचं तर विचारूच नका, एक मीटर गेली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

तीन महिने टेप हातात घेऊन आम्ही प्रत्येक दार मोजलं आणि दारापर्यंतची जमीन तेवढी राहिली. मला रडू यायचं बाकी होतं. ताई खडीच्या मध्यावर थांबून शांतपणे म्हणाली, "प्लायवूड आहे का विचार."

मालकाच्या गोदामात प्लायवूडचे तीन पत्रे होते. एकापुढे एक अंथरले. मामा तिसऱ्या पत्र्यावर पोचले की मागचा पहिला उचलून पुढे टाकायचा. मग दुसरा. पंधरा मीटरला सव्वीस मिनिटं लागली. माझा मुलगा आणि मालक दोघे घामाघूम. मामा मात्र अगदी ताठ बसून पुढे बघत येत होते आणि दर वेळी पत्रा पडला की "झालं?" विचारून मगच दांडी पुढे करत होते. त्यानंतर चार दिवस ते पत्रे तिथेच अंथरून ठेवले. मधली जागा मालकाने रात्री आणखी दोन पत्रे आणून भरली.

आत गेल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. निसर्गाचे नव्हे, सामानाचे. प्रत्येक खोलीतल्या वस्तू कुठे आहेत त्याचे फोटो काढून ठेवले, म्हणजे जाताना सगळं जागच्या जागी लावता येतं. मग गालिचे गुंडाळले, मधलं टीपॉय बाहेर, दोन खुर्च्या माळ्यावर. खोलीच्या मध्यभागी दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं झालं. एवढी जागा असली की व्हीलचेअर पुढेमागे न करता गर्रकन वळते.

जेवणाच्या टेबलाखाली मामांच्या खुर्चीचे हात अडकत होते. दोनच सेंटिमीटरचा प्रश्न. टेबलाच्या चार पायांखाली पाच-पाच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे घातले. ठोकळे आम्ही घरून आणले होते. गेल्या एका सहलीत मामा तीन दिवस टेबलापासून हातभर लांब बसून, मांडीवर ताटली घेऊन जेवले होते, ते मामी विसरलेली नाही.

घराला वरचा मजला होता. लाकडी जिना, वर दोन खोल्या आणि मोठी खिडकी. तळ्याचा सगळ्यात सुंदर देखावा तिथूनच दिसत असणार. आमचा नियम असा की चालणाऱ्यांनी वर फक्त झोपायला जायचं. दिवसा वर कोणी बसायचं नाही, वर गप्पांची मैफल जमवायची नाही. मुलालाही सांगितलं. वरून हसण्याचे आवाज येत आहेत आणि खाली तिघं एकमेकांकडे बघत बसले आहेत, असं मी एका लग्नघरी पाहिलं आहे.

रात्री मामांना हॉइस्टने पलंगावर घेतलं. झोळी, चार कड्या, हळूहळू वर, मग आडवं. पलंगाखाली जागा होती. मामींनी बायपॅपचा मुखवटा लावला आणि मशीनचा तो संथ आवाज सुरू झाला. खुर्ची रात्रभर चार्जिंगला. पहिला दिवस एवढ्यावर संपला, तळं कोणी धड पाहिलंही नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी सहाला खाली आले तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. ताई टेबलाशी बसून चहा करत होती.

घराचा ओटा 90 सेंटिमीटर उंच, तिला काही कामाचा नव्हता. म्हणून रात्री झोपण्याआधी आम्ही विजेची किटली, कप, साखर, चहाची पूड, सगळं टेबलावर आणून ठेवलं होतं. हात पोचण्याचा पट्टा असतो. बसलेल्या माणसाला जमिनीपासून साधारण 40 ते 120 सेंटिमीटरमधलं सगळं घेता येतं. त्याच्या वरचं आणि खालचं म्हणजे दुसऱ्याला हाक मारणं.

"आठ कप करते आहे," ताई म्हणाली. "कोणी मदतीला येऊ नका." मी बाहेर जाऊन बसले. तिने भरलेले कप मांडीवर घेतले नाहीत. ज्या पायांना भाजलेलं कळत नाही त्यांच्यावर गरम कप ठेवायचा नसतो. चाकांच्या छोट्या ट्रॉलीवर ठेवून, ढकलत बाहेर आणले. चहा साधाच होता, पण सहलीच्या घरात ताईने केलेला चहा मी अकरा वर्षांत पहिल्यांदा प्यायले.

तळ्यात लाकडी धक्का गेलेला होता. त्याच्या फळ्या आडव्या बसवलेल्या होत्या. हे आम्ही विचारून घेतलं होतं. फळ्या जाण्याच्या दिशेने उभ्या असत्या तर मधल्या फटीत लहान चाक अडकलं असतं. आडव्या असल्या की नुसता खडखडाट होतो. मात्र दोन्ही कडांना आडोसा नव्हता. मालकाने आमच्या सांगण्यावरून हातभर उंचीचे ओंडके कडेने ठोकून दिले होते. चाक पाण्यात जाऊ नये म्हणून 10 सेंटिमीटरची कडही पुरते. त्याने त्याहून उंच लावले, काही बिघडलं नाही.

दहा वाजता नौकाविहार. सपाट तळाची, कठडेवाली मोटरबोट, धक्क्याच्याच उंचीची. मधली फट झाकायला आमचा रॅम्प. मामा म्हणाले, "मी नाही येत."

सगळे त्यांना समजवायला लागले. ताई म्हणाली, "त्यांनी सांगितलं ना नाही म्हणून."

बोटीत खुर्चीचा पट्टा सोडायचा असतो. बोट उलटली तर माणूस खुर्चीला बांधलेला असता कामा नये, खुर्ची त्याला तळाशी घेऊन जाईल. लाइफ जॅकेट घालून, खुर्चीपासून मोकळं बसायचं. मामांना पट्ट्याशिवाय तोल सावरत नाही. हे त्यांनी स्वतः तोलून पाहिलं होतं आणि मग नाही म्हटलं होतं. ते आणि माझा मुलगा धक्क्यावर थांबले. परत आलो तेव्हा दोघं पाणकोंबड्या मोजत होते आणि आम्ही मध्येच आलो म्हणून मुलगा रागावला.

त्या दुपारी मैत्रिणीचं डोकं दुखायला लागलं.

"ऊन लागलं असेल," मामी म्हणाली. पण मदतनीस बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातलं काम टाकलं. चेहरा आणि मान लाल, कपाळावर घाम, हात मात्र गार. रक्तदाबाचं यंत्र लावलं. तिचा नेहमीचा वरचा आकडा 100 च्या आसपास असतो. 158 दिसला.

मणक्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर हे होऊ शकतं. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. खाली शरीरात काहीतरी टोचतं, तुंबतं, दाबलं जातं. माणसाला ते जाणवत नाही, पण शरीर घाबरून रक्तदाब चढवत नेतं. बहुतेक वेळा कारण मूत्राशय तुंबणं हेच असतं. वेळेत कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. इतकं गंभीर आहे हे. आणि अशा वेळी माणूस डोकं धरून बसला की जवळचे लोक प्रेमाने त्याला आडवं करतात. नेमकं तेच करायचं नाही. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, म्हणजे रक्तदाब उतरायला मदत होते.

बाईंनी तिला ताठ बसवलं, कमरेचा पट्टा सैल केला, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि कॅथेटरची नळी वरपासून खालपर्यंत बोटांनी तपासत गेल्या. मांडीखाली नळीला पीळ पडला होता. बोटीत बसताना पडला असणार. पीळ सोडला, पिशवीत धार सुरू झाली. चार मिनिटांत आकडा 130, दहा मिनिटांत 108. जवळच्या रुग्णालयाचा नंबर भावोजींनी लावूनच ठेवला होता, तो कापला.

मैत्रिणीच्या पर्समध्ये एक कार्ड असतं. हे काय आहे, काय करायचं, काय नाही, सगळं मोठ्या अक्षरांत. त्या कार्डाचे फोटो तिने निघण्याआधी आम्हा सगळ्यांच्या फोनवर पाठवले होते. मी तेव्हा नुसतं "मिळालं" म्हणून टाकलं होतं, वाचलं नव्हतं. त्या दुपारी धक्क्यावर बसून दोनदा वाचलं. आठ माणसांच्या गटात हे एकट्या मदतनीस बाईंना माहीत असून चालणार नाही. त्या अंघोळीला गेल्या असत्या तर?

तिसरा दिवस

आजचा कार्यक्रम म्हणजे काहीच कार्यक्रम नाही. हे ताईचंच ठरलेलं. चार दिवसांतला एक पूर्ण दिवस रिकामा ठेवायचा. व्हीलचेअरवरच्या माणसाला आवरायला दीड-दोन तास लागतात, मामांना त्याहून जास्त. सकाळी आठला निघायचं तर पाचला उठायचं. रोज तसं केलं तर सहल म्हणजे शिक्षा होते.

दर अर्ध्या तासाने ताईच्या फोनची घंटा वाजते. ती दोन्ही हात चाकांवर टेकून अंग उचलते, किंवा पुढे वाकून राहते, मिनिटभर तरी. एकाच जागी दाब राहिला की त्वचेला रक्त पोचत नाही आणि जखम होते. अशी जखम भरायला कधीकधी महिने जातात आणि तेवढे दिवस पालथं पडून राहावं लागतं. माझ्या मुलानेही शेजारच्या खुर्चीवर तसंच अंग उचलायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत घंटा वाजली की दोघं न बोलता वर जायची आणि खाली यायची.

दुपारी भावोजी आणि मैत्रीण पत्ते खेळत बसले. बोटं चालत नाहीत म्हणून तिने पत्ते उभे धरायला खाच पाडलेली लाकडी पट्टी आणली होती. भावोजींनाही ती पट्टी इतकी आवडली की त्यांनी दुसरी बनवायला घेतली. अमेरिकन वास्तुविशारद रॉन मेस आठवले. लहानपणी पोलिओ झालेले, स्वतः व्हीलचेअर वापरणारे. "युनिव्हर्सल डिझाइन" हा शब्द त्यांनी रूढ केला. एकासाठी म्हणून बनवलेली वस्तू सगळ्यांच्याच उपयोगी पडेल अशी बनवायची, हा त्यातला विचार. मागच्या दाराचा रॅम्प लावल्यापासून आम्हा चालणाऱ्यांपैकीही कोणी समोरच्या पायऱ्यांनी गेलं नव्हतं. बॅगा, पाण्याचे कॅन, मुलगा, सगळं रॅम्पवरूनच.

रात्री शेकोटी. ताईची खुर्ची मी थोडी मागे ओढली. तिला राग आला, "विचारून ओढ." खरं होतं तिचं. व्हीलचेअर म्हणजे तिचं अंगच आहे, कोणी न विचारता माझा दंड धरून मला मागे ओढलं असतं तर मीही चिडले असते. माफी मागितली. मग कारण सांगितलं, की पाय ठेवायची लोखंडी पट्टी तापते आणि तिला कळणार नाही. तिने हात लावून पाहिलं आणि स्वतःच आणखी मागे गेली.

अकरा वाजता वीज गेली. मामांचं मशीन बॅटरीवर गेलं आणि एकदा पीप वाजून पुन्हा संथ चालू झालं. मालकाला आम्ही पहिल्याच फोनवर विचारलं होतं, वीज किती वेळा जाते? "कधीच नाही," तो म्हणाला होता. तरीही बॅटरी आणली होती. चाळीस मिनिटांनी वीज आली. मामी तेवढा वेळ मशीनवर हात ठेवून बसली होती. मामा झोपलेलेच होते.

चौथा दिवस

जाग आली तेव्हा ताईचा पलंग रिकामा. भावोजी घोरत होते.

रॅम्पवर, पत्र्यांवर आणि तिथून धक्क्यापर्यंतच्या फळ्यांवर दव पडलं होतं. दवात चाकांच्या दोन रेघा सरळ गेलेल्या. धक्क्याच्या टोकाला ती पाठमोरी बसली होती, अंगावर शाल, खुर्चीला दोन्ही ब्रेक लावलेले. धुकं पाण्याला टेकलेलं. मी हाक मारणार होते, मारली नाही. परत येऊन चहाचं पाणी ठेवलं.

अपंगांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे, 2006 सालचा. त्याच्या तिसाव्या कलमात विरंगुळा, खेळ, पर्यटन यांचं नाव घेऊन ते हक्क म्हणून लिहिलं आहे. मला ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. शिक्षण, रोजगार, उपचार ठीक आहे, पण सहल? आता वाटत नाही. ताईला रोज कोणी ना कोणी सोबत असतं, आणि ते सगळे तिच्यावर जीव लावणारेच असतात. पण तासभर कोणालाही न सांगता उठून कुठेतरी जाणं तिला कित्येक वर्षांत जमलेलं नव्हतं. त्यासाठी काय लागलं? 120 सेंटिमीटरचा रॅम्प, पाच पत्रे, आडव्या फळ्या आणि कडेचे ओंडके.

तासाभराने आली. "थंडी आहे," एवढंच म्हणाली.

निघायच्या दिवशीचं काम मात्र कंटाळवाणं. फोटो बघून सामान लावलं, गालिचे अंथरले, ठोकळे काढले, दार बिजागरीवर चढवलं. चार्जर राहू नये म्हणून मामी दोनदा आत जाऊन आली. बॅटरीवरच्या खुर्चीचा चार्जर मागे राहिला तर दुसऱ्या दिवशी मामा घरातल्या घरातही हलू शकणार नाहीत.

मालक पत्रे उचलायला आला आणि उचलले नाहीत. उभा राहून खडीकडे बघत होता. "इथे फरशी टाकली तर?" त्याने ताईला विचारलं.

"फरशीच्या सांध्यात फट ठेवू नका. रुंदी एक मीटर वीस तरी घ्या. आणि उतार दोन्ही बाजूंना नको, पाणी एकीकडेच जाऊ दे."

त्याने वही काढली. मग म्हणाला, "पुढच्या वेळी कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

ताईने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून टेप काढली आणि तिचं टोक त्याच्या हातात दिलं. मागच्या दारापासून सुरुवात केली. तो टोक धरून चौकटीशी वाकत होता, ताई आकडा वाचत होती, माझा मुलगा लिहीत होता. मागचं दार 84, एक पायरी, 10. बोळ 90. न्हाणीघर 70, दार काढल्यावर 74. कमोडची बैठक 46, मोकळी जागा उजवीकडे. पलंगाखाली 13. टेबलाखाली 70. व्हॅन सुरू झाली होती, मामा आत आवळून बसले होते, मामीने काच खाली करून विचारलं की अजून किती वेळ.

"एकच राहिलं," ताई म्हणाली. "लिही. गाडीपासून दारापर्यंत पंधरा मीटर, सुटी खडी."

मालक जरा थांबला. "खडीचंही लिहायचं?"

"ते सगळ्यात वर लिहा."